एक जुलैवाले

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरात १ जुलैला कोणाचाही वाढदिवस असू शकतो. नसणारा माणूस मात्र शोधावा लागतो. दहावीच्या जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी मोठी पंचाईत होते. शुभेच्छा घेणारे सगळेच, देणार कोण? वर्गात एकदोन मुलं बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्यांची होती. ती दवाखान्यात जन्मलेली, त्यांच्याकडे दाखले पक्के. ती बिचारी सकाळी सहापासून सगळ्यांच्या नावासमोर केकची चित्रं टाकत बसतात.

प्रस्तुत लेखक या एक जुलैवाल्यांपैकीच. येत्या १ जुलैला त्याला कागदोपत्री साठ पूर्ण होतात. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, साठ वर्षांत काय काय शिकले ते एकदा लिहून काढा ना." लेखकाने नवी वही आणली, पहिल्या पानावर तारीख टाकली आणि तिथेच अडला. आयुष्याचा हिशेब मांडायचा तर सुरुवातीची तारीख तरी खरी हवी.

या तारखेची जन्मकथा विदर्भात सगळीकडे एकच आहे. इथे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते. १९७२ साली मास्तर घरोघर फिरून पोरं गोळा करत. वयाची परीक्षा एकच: उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडून दाखव. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. मग दाखलखारीज रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना येई. घरचे सांगत, "मोठा पूर आला त्याच्या आधी", "लाल गाय व्याली त्याच्या आठ दिवसांनी." सरकारी रकान्यात गाय मावत नाही. मास्तर चालू सालातून सहा वजा करून १ जुलै लिहीत आणि पुढच्या घरी जात. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा लवकर उघडते, म्हणून तिकडे १ जूनवाल्यांची पिढी आहे. या पद्धतीचा परिणाम इतकाच झाला, की लांब हातांची पोरं लवकर सज्ञान झाली आणि आखूड हातांची उशिरा निवृत्त झाली.

तारखेला सोबत मात्र थोरामोठ्यांची आहे. वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीला १ जुलै १९१३ रोजी जन्मले. महाराष्ट्रात हा दिवस कृषी दिन. लेखकाची सारी नोकरी जिल्हा परिषदेत गेली, त्यामुळे त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला कार्यालयात हार, भाषण, नारळ आणि एक वृक्षारोपण ठरलेलं. सगळं नाईकसाहेबांसाठी, पण पेढा लेखकालाही मिळे. स्टेट बँकेची स्थापना १ जुलै १९५५ ची, म्हणजे जिचा स्वतःचा वाढदिवस ती बँकच लेखकाला शुभेच्छा पाठवते. डॉ. बिधानचंद्र रॉय १ जुलै १८८२ ला जन्मले आणि १९६२ साली १ जुलैलाच गेले. त्यांच्या नावे डॉक्टर दिन. इतका नीटनेटका हिशेब डॉक्टरांनाच जमतो. २०१७ साली याच तारखेला जीएसटी लागू झाला, आणि वाढदिवसाच्या खर्चात सरकारही हक्काने सहभागी झालं.

लेखकाची आई आज नव्वदीच्या आसपास आहे. (तिच्या आधार कार्डावर नुसतंच साल छापलं आहे. निदान ते प्रामाणिक.) तिला विचारलं तर ती क्षणाचाही विचार करत नाही. "तान्ह्या पोळ्याच्या दिशी झाला ना बाप्पा तू! पोट्टे नंदी घेऊन दारोदार फिरत होते, अन् इकडे मले कळा. सुईणीच्या पोट्ट्यानं बोजाऱ्यासाठी तिचा पदर सोडला नाई, म्हणून तुले उशीर झाला."

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, इकडे मुलं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि खाऊ-पैसे मिळवतात, तो बोजारा. त्याच दिवशी नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि गावोगावचे लोक इडापिडा, रोगराई ढेकणांसकट गावाबाहेर हाकलतात. म्हणजे सगळा जिल्हा पीडा बाहेर घालवत असतानाच लेखक आत आला. या योगायोगावर त्याच्या बायकोचं स्वतंत्र भाष्य आहे.

आईच्या शब्दावर सरकार चालत नाही, म्हणून लेखक कधीकाळी तहसिलीत कोतवाल बुकाची नक्कल काढायला गेला. पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवी. आजही जातपडताळणीसाठी लोक ती पिवळी पानं शोधत फिरतात. पानावर बापाचं नाव स्वच्छ अक्षरात होतं आणि पुढे फक्त "एक मुलगा". मुलाचं नाव नाही, कारण बारशाआधी नाव कुठून येणार? तारीख कोतवालाला खबर मिळाली त्या दिवसाची. शिवाय बापाच्या नावासमोर अशा "एक मुलगा" नोंदी दोन निघाल्या, एक लेखकाची आणि एक त्याच्या थोरल्या भावाची असावी. कोणती कोणाची, यावर दोघे भाऊ अजून वाद घालतात.

शेवटी पंचांगच कामी आलं. आईने सहज सांगितलं होतं, "त्या साली दोन श्रावण आले होते, उपास करून करून जीव गेला." लेखकाने जुनं पंचांग मिळवलं. १९६६ साली खरोखरच अधिक श्रावण होता! निज श्रावणाची अमावास्या, म्हणजे पोळा, १४ सप्टेंबरला. तान्हा पोळा १५ सप्टेंबरला. अंगठा उठवणाऱ्या बाईची साक्ष आकाशातल्या चंद्राने जशीच्या तशी खरी केली, आणि शिकल्यासवरल्या मास्तरांची नोंद अडीच महिन्यांनी खोटी निघाली. तिथी आणि तारीख दर एकोणीस वर्षांनी जवळपास जुळतात, हे ग्रीक खगोलज्ञ मेटन याने अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. अधिक श्रावणही १९६६, १९८५, २००४, २०२३ असाच येत गेला. २०२३ साली तान्हा पोळा पुन्हा बरोबर १५ सप्टेंबरला होता. त्या दिवशी पोळ्याची कर म्हणून घराघरात मटण शिजत होतं. आपल्या वाढदिवसाला सगळा तालुका मटण खातो आहे, हे सुख कळून-सवरून अनुभवायला लेखकाला सत्तावन्न वर्षं लागली. याउलट २०२० साली १ जुलैला नेमकी आषाढी एकादशी, वर टाळेबंदी. भगर खाऊन वय वाढलं.

मग तारीख दुरुस्त का नाही केली? राज्य सरकारच्या सेवानियमांनुसार त्यासाठी नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. त्या पाच वर्षांत माणूस लग्न, बदली आणि घरभाडं यांतच असतो. अठ्ठावन्नाव्या वर्षाची काळजी विशीत कोण करतो? आणि ज्यांनी केली त्यांनाही ती सोपी गेली नाही. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांचं जन्मसाल १९५० की १९५१, हा वाद २०१२ साली थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. याचिका मागे घ्यावी लागली आणि मे अखेरीस ते निवृत्त झाले. जिथे देशाच्या लष्करप्रमुखाला एक वर्ष पुढे ढकलता आलं नाही, तिथे भिवापूरच्या एका वरिष्ठ सहायकाने अडीच महिन्यांसाठी काय करावं?

अडीच महिने थोडे वाटतील, पण हिशेब ऐका. १ जुलैला जन्मलेला माणूस ३० जूनलाच निवृत्त होतो. कायद्याच्या लेखी वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच पूर्ण होतं. १९८६ साली राजस्थानातल्या एका परीक्षार्थीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलं आहे. आणि लेखकाची वेतनवाढ असे १ जुलैला! म्हणजे वर्षभर राबायचं आणि वाढीच्या आदल्या संध्याकाळी नारळ घेऊन घरी जायचं. सप्टेंबरचा खरा जन्म धरला असता तर तीन महिन्यांचा पगार आणि ती वेतनवाढ, दोन्ही मिळालं असतं. ११ एप्रिल २०२३ रोजी कर्नाटकातल्या वीजपारेषण कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला, की वर्षभराच्या कामाची ती वाढ माणूस आदल्या दिवशी निवृत्त झाला म्हणून नाकारता येत नाही. देशभरच्या एक जुलैवाल्यांनी त्या निकालाच्या प्रती देवघरात ठेवल्या. लेखकाच्या फाइलला जोडलेली प्रत अजून टेबलाटेबलांवरून प्रवास करते आहे.

त्यात ३० जून २०२४ हा रविवार. पाच दिवसांचा आठवडा, त्यामुळे निरोप समारंभ शुक्रवारी. सत्काराला उत्तर देताना "या प्रदीर्घ सेवेत मी बरंच काही शिकलो" असं लेखक म्हणाला. पण काय शिकलो ते सांगण्याआधीच चिवडा वाटायला सुरुवात झाली, आणि समोरच्यांचं लक्ष द्रोणांकडे गेलं.

दोन वाढदिवसांचं दुःख तसं राजघराण्यातही असतं. इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ २१ एप्रिलला जन्मली, पण तिचा सरकारी वाढदिवस जूनमध्ये होत असे, कारण तेव्हा लंडनची हवा संचलनाला बरी असते. शर्यतीच्या घोड्यांचंही तसंच. उत्तर गोलार्धातले सगळे जातिवंत घोडे १ जानेवारीला एकदम एका वर्षाने मोठे होतात. राणी आणि घोडे यांच्या मध्ये कुठेतरी जिल्हा परिषदेचा कर्मचारी बसतो.

भिवापुरात नोंदींची ददात आहे असंही नाही. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तिचं गाव, वाण, रंग, गुण सगळं सरकारदरबारी नमूद. जवळच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली जाहीर झालं. तिथला प्रसिद्ध 'जय' वाघ २०१६ साली नाहीसा झाला तेव्हा कागदावर त्याचं वय "सुमारे" म्हणून लिहिता आलं. ही मुभा वाघाला आहे, माणसाला नाही.

वहीत उतरण्याजोगी शिकवण म्हणाल तर लेखकाला ती कार्यालयापेक्षा मिरचीच्या सातऱ्यावर जास्त मिळाली. तिथे बायका उन्हाळाभर वाळल्या मिरच्यांचे देठ खुडतात. त्यांचे दोन नियम: तिखटाचा हात डोळ्याला लावायचा नाही, आणि लागलाच तर चोळायचं नाही. लेखकाने साहेबांच्या रागाला आणि बदलीच्या आदेशाला हेच दोन नियम लावले. नोकरी पार पडली. बाकी आयुष्याबद्दल त्याची मतं दर पाच वर्षांनी बदलत गेली, ती लिहून कशाला ठेवायची?

साठीचे फायदे मात्र त्याने तपासून पाहिले. मुदत ठेवीवर ज्येष्ठ म्हणून थोडं अधिक व्याज मिळेल. रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. सवलत असती तरी उपयोग नव्हता. भिवापूरहून जाणारी नागपूर-नागभीड छोटी लाइन ब्रॉडगेजसाठी नोव्हेंबर २०१९ मध्येच बंद झाली. एस.टी.चं अर्धं तिकीट पासष्टीला, फुकट प्रवास पंचाहत्तरीला, आणि दोन्ही वेळी जन्मतारीख मास्तरांचीच धरणार. आयुष्यात पहिल्यांदा ती अडीच महिने लेखकाच्या फायद्याची ठरेल.

तेव्हा भिवापूरकर मित्रमंडळींना एक विनंती. १ जुलैला चौकात फ्लेक्स लावू नये. त्या दिवशी जागा नाईकसाहेबांची आहे. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर तान्ह्या पोळ्याला घरी यावं. मटण आहे. नंदीही लेखकानेच सजवून ठेवला आहे, त्यामुळे येताना बोजाऱ्याचे सुट्टे पैसे घेऊन यावेत. यूपीआय चालणार नाही.