घोडे २५०, रस्ता एक

मालवणहून तारकर्लीला येताना समोर एसटी आली की स्पोर्ट्स कारलासुद्धा माडाला अंग टेकून उभं राहावं लागतं. तरी आमचा वाद पेटलाच: गोव्यात वेर्ण्याला बनलेली सॅन स्टॉर्म थोर की दिलीप छाब्रियांची अवंती? स्टॉर्म पंचवीसेक वर्षांपूर्वीची. नाव वादळाचं, जोर जेमतेम ६० घोड्यांचा, अंग फायबरचं. अवंती २०१२ साली दिल्लीत मिरवली; विक्रीला आली ती २५० घोडे घेऊन. इंजिन मात्र दोघींचंही रेनोचं! नवरदेव देशी, घोडा फ्रेंच.

शेजारी उभा रापणकर म्हणाला, “गाडी बरी आसा, पण बांगड्यांची टोपली खंय ठेवतलास?”

दोन्ही गाड्या दोन आसनी. त्याची टोपली एसटीने देवबागला कधीच पोहोचली.