पस्तीस किलोचं सुकाणू

रिमोटच्या गाड्यांचा नाद असलेल्या मंडळींत हा माणूस एक तरी असतोच. पुण्यात तर दोन असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नसतं. बाणेर-बालेवाडीकडचा, बिल्डरचं अजून लक्ष न गेलेला एखादा मोकळा प्लॉट. रविवारी सकाळी तिथे पाच-सहा गाड्या, दुप्पट माणसं, आणि त्या माणसांत उकिडवे बसून दुसऱ्याच्या गाडीच्या पोटात डोकावणारे हे गृहस्थ. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी बरी. डोक्यावर कुठल्याशा प्रदर्शनात फुकट मिळालेली टोपी. तुमचं नाव-गाव नंतर, पहिला प्रश्न एकच, "स्टिअरिंगला किती किलोचा टाकलाय?"

आम्ही त्यांना किलोभाऊ म्हणतो. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही.

या नादाच्या बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. सर्वो म्हणजे चार सेंटिमीटर लांब, दोन रुंद अशी काळी डबी. आत एक छोटी मोटर, गिअरची उतरंड, फिरण्याचा कोन मोजणारा पोटेन्शिओमीटर आणि या सगळ्यांना ताब्यात ठेवणारं सर्किट. रिसीव्हरकडून तिला सेकंदाला ५० वेळा विजेची एक टिचकी मिळते. टिचकी १.५ मिलिसेकंदाची असली की मधोमध थांबायचं, १ ची असली की एका टोकाला, २ ची असली की दुसऱ्या. वर दांड्यावर हॉर्न नावाची पट्टी बसते आणि तीच पुढची कामं ओढते. इंजिनवर चालणाऱ्या बग्गीत असे दोन सर्वो. एक पुढची चाकं वळवतो. दुसऱ्याला, म्हणजे थ्रॉटलच्या सर्वोला, दोन नोकऱ्या: एका बाजूला फिरला की कार्ब्युरेटर उघडायचा, उलट फिरला की ब्रेक ओढायचा.

आता किलो. हॉर्नवर मध्यापासून एक सेंटिमीटरवर दोरी बांधली, तर सर्वो जितकं वजन पेलेल तितके किलो-सेंटिमीटर. यातला सेंटिमीटर किलोभाऊंनी कधीच गिळून टाकलाय. दोन सेंटिमीटरचा हॉर्न लावला की हाती निम्मेच किलो उरतात, हे कोणी सांगू लागलं तर ते "हो हो, ते आहेच" म्हणून विषय व्होल्टेजवर नेतात.

इंजिनाची १/८ मापाची बग्गी सव्वातीन-साडेतीन किलोची. चारही चाकांना ताकद, मोठमोठे काटेरी टायर, वाटेत पावसाने खणलेले चर. चरात अडकलेलं चाक वळवायचं तर जोर हवाच. पण १५ ते २० किलोच्या सर्वोवर जगभरची माणसं वर्षानुवर्षं शर्यती खेळत आली आहेत. किलोभाऊंच्या गाडीत ३५ चा आहे. एवढ्या जोराचं काय करायचं हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही, कारण उत्तराला पाऊण तास लागतो आणि तोवर ऊन चढतं.

किलोइतकाच जीव वेगावर. सर्वोचा वेग ६० अंश फिरायला लागणाऱ्या वेळात मोजतात. ०.१२ सेकंद म्हणजे चांगला, ०.०८ म्हणजे किलोभाऊंचा. डोळ्याने पाहून बोट हलायलाच माणसाला ०.२ सेकंद जातात आणि किलोभाऊंच्या बाबतीत त्यात चष्मा नाकावर सरकवण्याचा वेळही धरावा लागतो. तरी ०.०४ चा तो फरक आपल्याला अंगठ्यात जाणवतो, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. घरी वहिनींनी "अहो, पान वाढलंय" म्हटल्यापासून ते पाटावर येईपर्यंत भाताची वाफ जाते, पण तो वेग वेगळ्या एककात मोजतात.

खरी गंमत दोन सर्वोंच्या वाटणीत आहे. स्टिअरिंगचा सर्वो हा थोरला जावई. त्याला टायटॅनियमचे गिअर, ॲल्युमिनियमचं अंग, ब्रशलेस मोटर, ७.४ व्होल्टची बॅटरी, आणि निळ्या नाहीतर लाल रंगाचा धातूचा हॉर्न. त्याच्यावर सात-आठ हजार घालताना किलोभाऊंचा हात कचरत नाही. आणि थ्रॉटलला? "त्याला काय, काहीही चालतं." मग जुन्या गाडीतून काढलेला, एका कोपऱ्याला फेव्हिक्विक लावलेला, कधीकाळचा फुटाबा एस ३००३ तिथे बसतो: ४.८ व्होल्टवर ३.२ किलो, प्लास्टिकचे गिअर. फुटाबाच्या त्या सर्वोची निंदा करण्याचं कारण नाही. शिकाऊ विमानांत, कॉलेजच्या रोबोंत त्याने इमानाने आयुष्य काढलंय. पण ताशी साठ किलोमीटरने सुटलेली बग्गी थांबवायचं काम त्याच्या गळ्यात का, हे माझ्या अजून ध्यानात आलेलं नाही. वळणं लोक बघतात, थांबणं कोणी बघत नाही, एवढंच कारण असावं.

एकदा आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी नवा सर्वो तोलायला काढला होता. खोक्यावर ३५ लिहिलेलं. ओट्याच्या कडेला क्लॅम्पने सर्वो आवळलेला, हॉर्नच्या एक सेंटिमीटरवरच्या भोकातून तार, आणि तारेला बॅगा तोलायचा तो हातातला काटा, मुलगी अमेरिकेला निघाली तेव्हा तेवीस किलोच्या धास्तीने घेतलेला. काट्याचं दुसरं टोक खाली गॅस सिलिंडरच्या कडीला. किलोभाऊंनी रिमोटचं चाक फिरवलं. सर्वो "घूंऽऽ" करून ताणला, तार बोटभर वर गेली, ओटा कुरकुरला. काट्यावरचा आकडा पळत पळत अठराला टेकला आणि तिथेच घुटमळू लागला. कोणी काही बोललं नाही. किलोभाऊंनी काट्याला टिचकी मारली, मग त्याच्यातला सेल बदलला. तरी अठरा. शेवटी त्यांनी निकाल दिला, "काटा कमी दाखवतो." आतल्या खोलीतून वहिनी म्हणाल्या, "एअरपोर्टवर तर बरोबर दाखवला होता." आणि सिलिंडरची कडी सोडवून मागितली, दुसऱ्या शेगडीवर आमटी होती.

निम्मेच भरले तरी ते सतरा-अठरा किलो बग्गीला पुरून उरणारे होते, ही त्यातली मजा. पण दुसऱ्या दिवशी प्लॉटवर आकडा परत ३५ झाला होता.

मग सर्वो सेव्हर. चाकाला दगड बसला तर तो धक्का थेट सर्वोच्या दातांवर येऊ नये म्हणून मधे स्प्रिंगचा सांधा ठेवलेला असतो आणि तो किती कडक ठेवायचा ते एका नटावर. सैल ठेवला तर सर्वो वळतो, चाकं विचार करत बसतात. पार आवळला तर सांधा असून नसल्यासारखा. किलोभाऊ तो आवळतात. "पस्तीस किलो विकत घेतलेत ते स्प्रिंगला द्यायला का?" पुढे पहिल्याच मोठ्या उडीत पुढचं चाक दगडावर आपटतं, आतून खुटकन आवाज येतो आणि टायटॅनियमच्या उतरंडीतला एक दात राजीनामा देतो. तो बदलायचा गिअर सेट परदेशातून येईपर्यंत किलोभाऊ दुसऱ्यांच्या गाड्या तपासतात. या काळात ते सर्वांत प्रेमळ असतात.

सल्ला मात्र ते मोकळ्या हाताने देतात आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो, हे न सांगणं अन्याय होईल. इंजिनिअरिंगची पोरं पॉकेटमनी साठवून जुनी बग्गी घेतात, तिच्यातला सर्वो उभ्या गाडीत सारखा गुरगुरत असतो. किलोभाऊ कान लावतात. "बाळा, हा डिजिटल आहे ना? सेकंदाला शेकडो वेळा मोटर ठोकतो, थोडा गुणगुणणारच. पण ही गुणगुण नाही, हे कण्हणं आहे." मग ते कार्ब्युरेटरची दांडी दाखवतात: ती शेवटपर्यंत पोचलेली, पण सर्वोला अजून पुढे जायचा हुकूम आहे. बिचारा भिंतीला धडका देत तापतोय. रिमोटवर शेवटची मर्यादा आत घ्यायची, चिमटीने दांडीवरची कॉलर अर्धा मिलिमीटर सरकवायची, रिमोटचा चाप सोडलेला असताना कार्ब्युरेटर जेमतेम श्वास घेण्यापुरता उघडा आणि ब्रेकची पट्टी चकतीला न लागलेली. त्यांची जाडजूड बोटं हे काम इतक्या हलकेपणे करतात की पोरगा "थँक्यू काका" म्हणायचंही विसरतो. स्वतःच्या गाडीत तीच दांडी वाकडी आहे.

सर्वो घ्यायला तपकीर गल्लीत त्यांच्याबरोबर जाऊ नये. तिथला काउंटरवरचा माणूस सर्वो पुढे ठेवतो, किंमत सांगतो, आणि आपल्याकडून त्याची जबाबदारी संपली असं मानतो. किलोभाऊंना गप्पा हव्या असतात. "पंचवीस दातांचा आहे का?" "बघून घ्या." "फुटाबाचे पंचवीस, हायटेकचे चोवीस, सान्वाचे तेवीस, तुम्हाला माहीतच असेल." "घ्यायचाय का, साहेब?" मागे रांग. किलोभाऊ खिशातून भिंग काढून दांड्यावरचे दात मोजू लागतात. घरी त्यांच्याकडे श्रीखंडाचा एक डबा आहे, त्यात न बसणारे हॉर्न. चोवीसचा हॉर्न पंचविसाच्या दांड्यावर हातोडीने ठोकून बसवल्याच्या काही स्मृती त्यात आहेत, त्या ते लगेच झाकणाखाली सरकवतात.

ज्या रविवारची अजून आठवण काढतात, त्या दिवशी दोष कोणाचा होता यावर प्लॉटवर दोन पक्ष आहेत. घटना एवढीच: किलोभाऊंची चार्ज होणारी बॅटरी घरी राहिली, म्हणून त्यांनी रिसीव्हरला चार पेन्सिल सेलची डबी जोडली. सरळ जाताना सगळं ठीक. पहिल्या वळणावर ३५ किलोच्या जावईबापूंनी एवढा करंट ओढला की सेलचं व्होल्टेज बसलं, रिसीव्हर बेशुद्ध. सिग्नल गेला तर ब्रेक मार, असं फेलसेफ किलोभाऊंनी व्यवस्थित बसवलेलं होतं. पण फेलसेफ पाळायलाही वीजच लागते. थ्रॉटलचा सर्वो जिथे होता तिथे राहिला, म्हणजे पूर्ण उघडा, आणि बग्गी सरळ निघाली. चहाची टपरी थोडक्यात वाचली. पुढच्या नाल्यात इंजिन बुडून गप्प झालं.

त्यावर जुन्याजाणत्यांचा उपाय अगदी साधा आहे: कार्ब्युरेटरच्या दांडीला एक रबर बँड. सर्वो मेला तर तोच दांडी मागे खेचून इंजिन मंदावतो. पुढच्या आठवड्यात किलोभाऊंच्या गाडीला तो होता, कोथिंबिरीच्या जुडीचा, हिरवा. आणि त्या दिवसापासून ते नवीन येणाऱ्याला गंभीर चेहऱ्याने सांगतात, "सर्वो काहीही टाक रे, पण रबर बँड चांगल्या प्रतीचा घे."

इलेक्ट्रिक गाड्यांनी मात्र त्यांचं मन मोडलं. आता प्लॉटवर बहुतेक बॅटरी-मोटरच्याच बग्ग्या. त्यात मोटरचा वेग नि ब्रेक दोन्ही इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बघतो. थ्रॉटलचा सर्वोच नाही. तरुण पोरांना हे सोयीचं वाटतं. किलोभाऊ म्हणतात, पूर्वी इलेक्ट्रिक गाडीतही दुसरा सर्वो असायचा. १९८४ ची तामियाची ग्रासहॉपर घ्या: सर्वो एक यांत्रिक स्विच फिरवायचा, रेझिस्टर तापून चटका द्यायचा, पण गाडीत दोघं होते. "आता एकच सर्वो. मग माणसाने बोलायचं कशावर?" मध्यंतरी दोन-तीन रविवार ते आलेही नाहीत. आम्ही चौकशीला गेलो.

दार वहिनींनी उघडलं आणि बोटाने गच्ची दाखवली. किलोभाऊ गच्चीत विटांचा डोंगर रचून बसले होते. समोर एक क्रॉलर, दगडधोंड्यांवर चालत्या माणसाच्याही निम्म्या वेगाने चढणारी गाडी. त्यांचा चेहरा उजळलेला. "या, या. अरे, हिच्यात चार सर्वो आहेत! एक स्टिअरिंगला, एक गिअर बदलायला, आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शियलला कुलूप घालायला एकेक." मग आवाज खाली आणून म्हणाले, "स्टिअरिंगला मी पन्नास किलोचा मागवलाय. ०.०८ मिळत नव्हता, पण इथे तशी घाई नाही."