हाशिमोटे कुठले?

मिरजेत खडा मारला तर तो डॉक्टरला लागतो, नाहीतर सतारीला. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं मिशनचं इस्पितळ काढलं, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि बेळगाव-विजापूरकडची माणसं आजही फायली काखेत मारून मिरज जंक्शनवर उतरतात. आमची माईआत्या नेमकी त्याच वेळी उलट्या गाडीत चढत असते. तिची श्रद्धा डॉक्टरांवर नाही असं नव्हे. पण समोरच्या बाकावरच्या बाईचं वजन चार महिन्यांत नऊ किलो उतरलेलं असतं, आणि डॉक्टर तर स्वतःच सुटलेले.

आत्याला थायरॉईड आहे. तसा तो सगळ्यांनाच असतो, गळ्यापाशी, फुलपाखरासारखा. पण 'मला थायरॉईड आहे' म्हणजे तो काम करत नाही, हा मराठीचा आपला एक चमत्कार. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, "तुम्हाला हाशिमोटो आहे. शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उठतं." घरी येऊन आत्यानं पहिला प्रश्न विचारला, "हे हाशिमोटे कुठले रे? इचलकरंजीकडचे का?" मी म्हटलं, जपानचे, १९१२ साली त्यांनी हा आजार लिहून ठेवला. तिला पटलं नाही. आजही ती 'हाशिमोट्यांचा त्रास' म्हणते, जणू शेजारी भाडेकरू राहतात आणि जागा सोडत नाहीत.

तिचा लाडका शब्द आहे 'जोडीला'. "गोळी घेतीय की मी. पण नुसत्या भाकरीनं जेवण होतंय का? जोडीला काहीतरी पाहिजे." ही जोडी एका साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत राहते. रात्री भिजवलेल्या धन्याचं पाणी सकाळी गाळून, पूर्वेकडे तोंड करून. अश्वगंधा दुधातून, दूध कोमट, पेला चांदीचा. अमेरिकेतल्या भाचीनं पाठवलेल्या केल्पच्या, म्हणजे समुद्रशेवाळाच्या, गोळ्या. सेलेनियमसाठी ब्राझील नट, केशराच्या जुन्या डबीत मोजून ठेवलेले. केसांसाठी बायोटिन. कशाचं काय किती वाजता, हे कॅलेंडरच्या मागच्या पानावर लाल शाईनं. आणि या सगळ्या लवाजम्यात खरी गोळी, लेव्होथायरॉक्सिनची, कधी? "ती होय? चहाबरोबर टाकते की तोंडात. कॅल्शियमच्या गोळीसोबतच."

मला हसू आलं, पण तिची तक्रार खोटी नव्हती. एप्रिलात अख्खी मिरज पंख्याखाली पडलेली असताना ही स्वेटर घालून बसायची. जिना चढली की पायरीवर टेकायची, बोलता बोलता शब्द हरवायचा. थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, टीएसएच, मात्र मर्यादेत. डॉक्टरांनी कागद पाहिला, म्हणाले, "नॉर्मल आहे, छान." बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "रिपोर्ट नॉर्मल आला रे. मी कुठं आले?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोळी घेऊन, आकडा जागेवर येऊनही बरं वाटत नाही अशी माणसं असतात. शंभरात पाच-दहा तरी, असं डॉक्टर मंडळीच सांगतात. त्यांना 'छान' म्हणून वाटेला लावलं की ती गाडीतल्या समोरच्या बाकाकडे वळणारच. तिथं निदान ऐकून घेतात.

एकदा मी जोर करून वाद घातला. म्हटलं, आत्या, यातलं सिद्ध काय झालंय? ती म्हणाली, "तुमची गोळी तरी पहिल्या दिवशी सिद्ध होती का?" मी फुशारकीनं सांगितलं, की १८९१ मध्ये इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरनं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका बाईला टोचला आणि ती पुढं अठ्ठावीस वर्षं जगली. आत्यानं कानांवर हात ठेवले. "अगंबाई, मेंढी!" मग क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे तेव्हाही कुणीतरी भाचा हसला असणार." मी गप्प. मरेनं ते लिहून छापलं, इतरांनी करून पाहिलं, म्हणून ते टिकलं, हे मला रात्री अंथरुणावर सुचलं.

मग एक दिवस टीएसएच एकदम तळाला गेला. गोळी जास्त होतेय की काय, म्हणून डॉक्टर डोस उतरवायला निघाले. आधी त्यांनी विचारलं, "आणखी काही घेता?" "छे, तुमचीच गोळी." मी पिशवी टेबलावर उपडी केली. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की लहानपणी तिच्या फडताळातले लाडू चोरताना सापडलो होतो तेव्हाही पाहिलं नव्हतं.

डॉक्टर चिडले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. खुर्ची ओढून एकेक बाटली वाचू लागले. बायोटिन काही यंत्रांना फसवतं, आकडा खोटाच खाली दाखवतं. तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद. केल्पमध्ये आयोडीन किती याचा भरवसा नाही. मिठातून ते मिळतंच, आणि हाशिमोट्यांच्या घरात जादा आयोडीन गेलं तर ग्रंथी आणखी मंदावू शकते. अश्वगंधेनं हार्मोन वाढू शकतात, काहींच्या यकृतालाही इजा झालीय. सेलेनियमनं काहींच्या रक्तातल्या अँटिबॉडी उतरल्या, पण माणसाला बरं वाटतं याचा पुरावा कच्चा. आणि गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासानं, कॅल्शियम चार तासांनी. सहा-आठ आठवडे काही बदलायचं नाही. शिवाय थकव्याचं खापर एकट्या थायरॉईडवर कशाला, म्हणून त्यांनी हिमोग्लोबिन आणि बी-१२ पण लिहून दिलं.

"आठ आठवडे काहीच करायचं नाही?" हे आत्याला औषधापेक्षा कडू लागलं. तिला समजावलं ते सतारमेकर गल्लीतल्या तिच्या जुन्या शेजाऱ्यांनी. "माई, सतारीच्या घोडीची जवारी काढली की वाजवून बघावं, कान द्यावा. रोज कानस मारत बसलं तर घोडीच झिजायची." ही भाषा तिला कळली.

बी-१२ बरंच कमी निघालं. त्याची इंजेक्शनं झाली, गोळी पहाटे साडेपाचला एकटी पोटात जाऊ लागली. जिना आता ती एका दमात चढते. स्वेटर अजून आहे, पण फक्त संध्याकाळी. सगळं बरं झालं असं ती म्हणत नाही, मीही म्हणत नाही. धन्याचं पाणी चालू आहे. डॉक्टर म्हणाले होते, "त्यानं बिघडणार नाही, सुधारणारही नाही"; आत्यानं वाक्य स्वल्पविरामापर्यंतच ऐकलं.

उरली पिशवी. टाकून देणं तिच्या रक्तात नाही. मिरजेला आलात तर तिच्याकडे जरूर जा, भडंग फार सुरेख करते. फक्त बोलता बोलता 'हल्ली जरा दमायला होतंय' असं म्हणू नका. केल्पची एक बाटली अजून न फोडलेली आहे.