नायकाची उंची

माझ्या कथांचा नायक पाच फूट अकरा इंच असतो. नाव दर दिवाळीला बदलतं, कधी विक्रम, कधी समर. उंची बदलत नाही. केस दाट, फक्त कानशिलाशी जरासे पांढरे. माझे पांढरेसुद्धा आता मोजकेच उरलेत. तो कमी बोलतो, आणि बोलला की समोरचे गप्प होतात. आमच्या घरातही कमी बोलणारा मीच. पण त्याची कारणं वेगळी आहेत.

यंदाच्या कथेची प्रुफं हिनं वाचायला घेतली. नायिकेच्या स्वयंपाकघरातला नळ गळत असतो. विक्रम बाह्या सरसावतो, पान्यानं नट सैल करतो, वायसर बदलतो आणि नायिका त्याच्या मनगटाकडे बघत राहते. हिनं चष्मा कपाळावर चढवला.

"अहो, ह्यांचा नंबर आहे का तुमच्याकडे? आपल्या मोरीतला नळ गणपतीपासून गळतोय."

"अगं, कथा आहे ती."

"ते कळलं मला. पण नळ खोलण्याआधी वरचा कॉक बंद करायचा असतो. तुमच्या विक्रमनं केला नाही. तिथंच ओळखलं, हे तुम्हीच."

आता बचावासाठी साक्षीदार गोळा करणं आलं. सापडलेही, आणि चांगले वजनदार. इंग्लंडच्या डोरोथी सेयर्स या रहस्यकथाकार बाईंनी लॉर्ड पीटर विम्झी हा खानदानी, श्रीमंत गुप्तहेर निर्माण केला तेव्हा त्या स्वतः कडकीत होत्या. स्वतःच्या खोलीचा कंटाळा आला की त्या विम्झीला पिकॅडिलीत आलिशान फ्लॅट घेऊन द्यायच्या. आपल्या स्वस्त गालिच्याला भोक पडलं की त्याच्यासाठी भारी गालिचा मागवायच्या. बसभाड्याचे वांधे झाले तेव्हा त्यांनी त्याला डेमलर गाडी दिली. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे 1930 साली त्यांच्या कादंबरीत हॅरिएट वेन अवतरली. ही ऑक्सफर्डला शिकलेली, आणि व्यवसायानं, योगायोग बघा, रहस्यकथालेखिका! विम्झी तिला पुन्हा पुन्हा मागणी घालतो आणि ती नाही म्हणते. इतका पैसा ज्याच्यावर खर्च केला, त्याला थोडं ताटकळत ठेवण्याचा हक्क बाईंना होताच. 1937 मध्ये लग्न लागलेलं दिसतं.

इयान फ्लेमिंगचंही तेच. महायुद्धात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात हुद्दा कमांडरचा, काम बहुतेक टेबलामागचं. जेम्स बाँडही कमांडरच, पण त्याला टेबल क्वचितच दिसतं. सिगारेट मात्र दोघांची एकाच दुकानातली.

आणि 1973 साली पॉला स्मिथ या अमेरिकन बाईंनी 'स्टार ट्रेक'च्या हौशी कथांची टिंगल करताना मेरी स्यू नावाची साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट रंगवली. ती सर्वगुणसंपन्न, आणि शेवटी मरते तेव्हा सगळं जहाज रडतं. तेव्हापासून हौशी मुलींनी स्वतःला कथेत घातलं की लोक हसतात. फ्लेमिंगसाहेबांनी घातलं, तर त्यावर सिनेमे निघतात.

मराठीत ना. सी. फडके स्वतः प्राध्यापक, राहणी टापटीप. त्यांचे नायकही सुशिक्षित आणि इस्त्रीतले. पण खरे धूर्त आपले विनोदी लेखक. चिं. वि. जोशी पालीचे मोठे पंडित, आणि त्यांनी पुढे केला कोण, तर भित्रा चिमणराव. पु. लं.नी 'असा मी असामी'त कारकून उभा केला. स्वतःपेक्षा खुजा माणूस 'मी' म्हणून चालवायचा, म्हणजे वाचक आपणहून म्हणतात, केवढा हा मोठेपणा! पण त्याला आधी मुळात उंची लागते. पाच फूट चारवाल्याला हा मार्ग बंद.

हे सगळं हिला ऐकवलं. तिनं शांतपणे विचारलं, "मग त्या बाईंना पुढे पैसे मिळाले ना? तुम्हाला मानधन किती देतात?" विषय तिथंच थांबला. प्लंबर शुक्रवारी येतोय.

तेव्हा संपादकांना एकच विनंती. कथेशेजारी लेखकाचा फोटो छापू नका. अगदीच छापायचा असेल, तर चित्रकाराकडून विक्रमचं जे चित्र काढून घ्याल, त्याच्याखाली माझं नाव टाका.