पाटी दिसली, माणूस दिसला नाही

दुकानात नऊ नोकर असोत की एक, दारावर मराठी पाटी हवीच, असं महाराष्ट्राचा कायदा बजावतो. त्याच दुकानातल्या नोकराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी का? यावर तोच कायदा गप्प बसतो. मराठी पाटी हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार या गप्प बसण्याबद्दल आहे.

या कायद्याचं सरकारी नाव लांबलचक. बाजारात त्याला शॉप ॲक्ट म्हणतात आणि त्याच्या दाखल्याला गुमास्ता. १९४८चा जुना शॉप ॲक्ट एका नोकराच्या दुकानालाही लागू होता. नोंदणी करा, नूतनीकरण करा, रजिस्टरं भरा, शॉप इन्स्पेक्टर आला की ती त्याच्यापुढे मांडा. २०१७ला नवा कायदा आला आणि दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं नोंदणीतून सुटली. आता ऑनलाइन सूचना दिली की भागतं. हे उत्तम झालं. एका झेरॉक्स मशीनवर घर चालवणाऱ्या माणसाला दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावून कुणाचंच भलं होत नव्हतं.

पण मालकाच्या डोक्यावरचा कागद काढताना नोकराच्या डोक्यावरचं छप्परही काढलं गेलं. पहिल्याच कलमात लिहून टाकलं की, दहापेक्षा कमी कामगार असतील तर सूचनेचं कलम ७ तेवढं लागू, बाकीचा कायदा नाही. या ‘बाकीच्या’त काय काय होतं? दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. आठवड्याला सलग २४ तासांची सुट्टी. जादा तासांना दुप्पट मजुरी. वर्षाला आठ किरकोळ रजा. शिवाय आठ पगारी सुट्ट्या, त्यातली एक १ मेची. म्हणजे कामगार दिनाची सुट्टी कोणत्या कामगाराला, हे दुकानातली डोकी मोजून ठरणार!

सहा-सात जणांच्या कापडदुकानात जाऊन बघा. सकाळी दहाला शटर वर जातं, रात्री नऊला खाली येतं. तेवढा वेळ साड्या दाखवणारी मुलगी उभी. गिऱ्हाईक आलं की वीस साड्यांच्या घड्या मोडायच्या, ते ‘बघून येतो’ म्हणून गेलं की वीस घड्या पुन्हा घालायच्या. रविवारी गर्दी असते म्हणून सुट्टी नाही, सोमवारी माल येतो म्हणून सुट्टी नाही. अंगात ताप म्हणून घरी राहिली तर त्या दिवसाचा पगार कापला. केरळने २०१८मध्ये आपल्या दुकान कायद्यात दुरुस्ती करून अशा मुलींना कामावर बसायचा हक्क दिला. आपण २०१७मध्ये त्यांना कायद्याबाहेर काढून मोकळे झालो होतो.

किमान वेतनाचा कायदा आहे ना, असं उत्तर मिळतं. आहे, पण तापाच्या दिवशी लागणारी किरकोळ रजा तो देत नाही. छोट्या दुकानदाराला परवडत नाही, हे दुसरं उत्तर. त्याची ओढाताण खरी आहे. पण आठवड्याची सुट्टी द्यायला दाखला लागत नाही, कचेरीत जावं लागत नाही, फी भरावी लागत नाही. आणि छोट्या दुकानापर्यंत कायदा पोचवणं अवघड आहे म्हणावं, तर २०२२मध्ये याच कायद्यात दुरुस्ती करून मराठी पाटीची सक्ती दहाच्या आतल्या दुकानांवरही आणलीच की! पाटीसाठी जो कायदा गल्लीतल्या दुकानात शिरला, त्याने पाटीखालून आत जाणाऱ्या माणसाकडेही बघायला हवं होतं.

सप्टेंबर २०२५मध्ये तर राज्य मंत्रिमंडळाने ही दहाची रेघ वीसवर न्यायला मंजुरी दिली. जोडीला दिवसाचे ९ तास १० करायला आणि तिमाहीतला ओव्हरटाइम १२५ तासांवरून १४४ वर न्यायला. आता एकोणीस नोकरांचं दुकानही ‘छोटं’! ज्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९०मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तिथे एकोणीस माणसांना या कायद्याच्या सुट्टीतून वगळणं लाजिरवाणं आहे.

उपाय साधा आहे. कागदाची आणि माणसाची अशा दोन रेघा वेगळ्या करा. नोंदणीची रेघ वीसवर न्या, हवी तर पन्नासवर न्या. दुकानदाराला जेवढं मोकळं करता येईल तेवढं करा. पण आठवड्याची सुट्टी, कामाचे तास, दुप्पट ओव्हरटाइम आणि किरकोळ रजा यांची रेघ एकावर हवी. पहिल्या कलमात दोन ओळींची दुरुस्ती पुरेल. पाटीची सक्ती आणणाऱ्या आमदारांनी ती पुढच्या अधिवेशनात मांडावी.