काळ्या कोटाचा भाव

मराठी घरात वकिलीचा विषय पहिल्यांदा निघतो तो पोर उलट बोलायला लागल्यावर. "हिला वकीलच करा," असं आजी वैतागून म्हणते आणि ते कौतुक की तक्रार, हे कुणी विचारत नाही. पंचाईत होते ती हीच पोर बारावीला शांतपणे "मला लॉ करायचंय" म्हणते तेव्हा. इंजिनिअरिंगची फी घरात सगळ्यांना पाठ असते, मेडिकलच्या आकड्यांनी निदान एकदा तरी छातीत धडधडलेलं असतं. लॉला किती पडतात, याचा मात्र कुणालाच पत्ता नसतो. आजोबांच्या लेखी लॉ म्हणजे दिवसा बँकेत नोकरी आणि सकाळ-संध्याकाळ कॉलेज, थोडक्यात फुकट.

आजोबा अगदीच चुकत नाहीत. मुंबईत चर्चगेटजवळच्या शासकीय विधी महाविद्यालयाची, म्हणजे जीएलसीची, वर्षाची फी आजही काही हजारांत भागते. कॉलेज १८५५ सालचं. आशियातलं सर्वांत जुनं लॉ कॉलेज अशी त्याची ख्याती. टिळकांची एलएलबी तिथली, डॉ. आंबेडकर १९३५ साली तिथेच प्राचार्य झाले आणि सरन्यायाधीश उदय लळितही तिथलेच. पुण्याचं आयएलएस १९२४ चं. त्याच्यावरून अख्ख्या रस्त्याला नाव पडलं आणि मागच्या टेकडीलाही. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड तिथे शिकले. ही यादी ऐकून बाबांची छाती फुगते. फी ऐकून ती आणखी फुगते.

मग कुणीतरी 'एनएलयू' हा शब्द काढतं.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सुरुवात बंगळुरूला झाली, तिथली पहिली तुकडी १९८८ ची. आता देशभर अशी दोन डझनांच्या आसपास विद्यापीठं आहेत. त्यांतली तीन महाराष्ट्रात: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. शिकवणी, वसतिगृह, मेस आणि 'इतर' या गूढ सदराखालची रक्कम धरली, की वर्षाला तीन लाखांच्या आसपास जातात, कुठे त्याहून बरेच जास्त. काही खासगी विद्यापीठांचे आकडे तर मोठ्यानं वाचतसुद्धा नाहीत, फोन पुढे करून दाखवतात. एकाच गाडीला जनरल डबाही आहे आणि फर्स्ट एसीही, आणि उतरायचं स्टेशन मात्र एकच: सनद. न्यायाधीश समोरच्या काळ्या कोटाला "कुठल्या कॉलेजचे?" असं विचारत नाहीत. "तयारी आहे का?" एवढंच विचारतात.

"पण फर्म विचारतात ना!" ही डोंबिवलीची आत्या. तिच्या सोसायटीतल्या एका मुलाला बंगळुरूहून थेट फोर्टच्या मोठ्या फर्ममध्ये नोकरी लागली. त्याचं पॅकेज आत्याला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ. तिचं म्हणणं खोटं नाही. कंपन्यांचे करारमदार, विलीनीकरणं, लवाद अशी कामं करणाऱ्या मुंबई-दिल्लीच्या मोजक्या मोठ्या फर्म नव्या पोरांना वर्षाला पंधरा लाखांच्या पुढे देतात आणि ती पोरं मुख्यतः वरच्या चार-पाच एनएलयूंमधून उचलतात. घोळ 'वरच्या चार-पाच' या शब्दांत आहे. फी सगळ्याच विद्यापीठांची लाखांत, फर्मची माणसं मात्र सगळीकडे त्याच उत्साहानं जात नाहीत. ही माहिती रंगीत माहितीपुस्तकात बारीक अक्षरातसुद्धा सापडत नाही.

आता बाबांचा हिशेब. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी पाच वर्षांचे पंधरा लाख मांडले. दहा टक्के व्याज, दहा वर्षं मुदत. हप्ता आला १९,८२३ रुपये. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही, ते धरायला पान उलटावं लागलं असतं. शेजारी त्यांनी दुसरा आकडा लिहिला. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून सुचवलं, की सीनियरनं ज्युनिअरला शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. वीस हजारांतून हप्ता वजा जाता उरले १७७ रुपये. वडापाव वीस रुपयांना धरला, तर महिन्याला आठ वडापाव आणि वर सतरा रुपये सुटे. बाबांनी सतरा रुपयांखाली दोन रेघा मारल्या. हिशेब पक्का झाला की ते तसंच करतात.

"आणि दाजी, ते परिपत्रक नुसतं सुचवणारं आहे बरं," असं म्हणून मामांनी त्या आठ वडापावांवरही पाणी ओतलं.

मामा तालुका कोर्टात वकील. बंगळुरू, नागपूर, संभाजीनगर ही सगळी नावं त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "शिकून इथंच बसणार असंल, तर हिला फेरफार कोण शिकवणार?" हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. तालुक्याला वकिली करायची म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, सातबारा, वाटणीचे दावे, बांधाची भांडणं आणि १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा. मोठ्या विद्यापीठात पोर आंतरराष्ट्रीय लवादावर चाळीस पानी निबंध लिहिते, पण तलाठ्यानं नोंद फिरवली तर अपील कुणाकडे करायचं, ते तिला मामांच्या कारकुनाकडूनच शिकावं लागतं. गोव्यात तर हे आणखी खरं. तिथे पोर्तुगीज दिवाणी कायद्याचा वारसा अजून चालू आहे आणि वारसाहक्काच्या वाटपाला 'इन्व्हेंटरी' नावाचं स्वतंत्र प्रकरण चालतं. मडगावच्या कोर्टात उभं राहायचं असेल, तर मडगावच्या किंवा मिरामारच्या कॉलेजात शिकलेला पोरगा दिल्लीहून आलेल्याला पहिली दोन वर्षं सहज भारी पडतो.

मुलीला खरं तर जज व्हायचं होतं. हे तिनं या टप्प्यावर सांगितलं, कारण तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, म्हणजे ज्याला सगळे 'जेएमएफसीची परीक्षा' म्हणतात, ते. मामांनी चष्मा काढला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. तीन वर्षं मोजायची ती सनदेची तात्पुरती नोंदणी झाल्यापासून. पूर्वी पोरं पदवी घेतली की थेट क्लास लावत आणि परीक्षेला बसत. आता मध्ये तीन वर्षं ज्युनिअरशिप. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारण शिक्षण संपल्यावर वर्षभरात सुरू होतो. म्हणजे जज व्हायच्या परीक्षेच्या कितीतरी आधीच बँकेचा मेसेज येणार. बाबांनी वहीचं ते पान पुन्हा काढलं.

सनदेचंही एक बरं झालं आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये नोंदणीचं शुल्क खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये ठरलेलं असताना राज्यांच्या बार कौन्सिल पंधरापासून बेचाळीस हजारांपर्यंत घेत होत्या. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते थांबवलं. इथे आंबेडकरांची आठवण होतेच. लंडनच्या ग्रेज इनचे बॅरिस्टर, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, आणि १९२३ साली मुंबईत वकिली सुरू करताना सनदेच्या पैशांसाठी नवल भथेना या मित्राची मदत घ्यावी लागली. पुढे १९२५ पासून बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी संस्थेत त्यांनी व्यापारी कायद्याचे तास घेतले, कारण नुसत्या वकिलीवर घर चालत नव्हतं. जगातल्या उत्तम संस्थांच्या पदव्याही अशील आणून देत नाहीत, याचा याहून मोठा दाखला आत्यासमोर ठेवता आला नसता. आत्या म्हणाली, "तो काळ वेगळा होता." मग तिनं पुन्हा पॅकेज सांगितलं.

मधल्या मध्ये शेजारच्या दादानं आपली जुनी पुस्तकं फुकट देऊ केली. सगळ्यांना आनंद झाला. मामांनी एक उघडलं आणि मिटलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं आणि फसवणुकीचं ४२० झालं ३१८. दादाचं सगळं फौजदारी ज्ञान रद्दीच्या भावाचं झालं, आणि 'चारसोबीस' माणसाला आता काय म्हणायचं, हा प्रश्न आजीपुढे उभा राहिला. 'तीनशे अठरा' तोंडात बसेना.

राहिल्या परीक्षा. एनएलयूसाठी क्लॅट: दोन तास, १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, आणि खुल्या गटाला अर्जाचेच चार हजार रुपये. जीएलसी, आयएलएस आणि राज्यातल्या बाकी कॉलेजांसाठी राज्य सरकारची सीईटी. तिथे चुकलं तरी गुण कापत नाहीत. पुढच्या आयुष्यात वकिलानं ठणकावून चुकीचं उत्तर दिलं, तर पाव गुण कुणाचा कापायचा, त्याचा की अशिलाचा, हे दोन्ही परीक्षा सांगत नाहीत.

शेवटी मुलीनंच मार्ग काढला. क्लॅट द्यायची, पण वरच्या पाचांत नंबर लागला तरच जायचं. सहाव्यासाठी कर्ज काढायचं नाही. नाहीतर सीईटीनंतरच्या कॅप राउंडच्या ऑप्शन फॉर्ममध्ये पहिलं जीएलसी, दुसरं आयएलएस. जीएलसी लागलं, तर दुपारनंतर फोर्टात एखाद्या वकिलाच्या चेंबरमध्ये बसायचं आणि पहिल्या वर्षापासून कोर्ट बघायचं. मामा खूश झाले. बाबा तर इतके खूश, की त्यांनी लगेच दक्षिण मुंबईतल्या पेइंग गेस्टचे दर काढले. एका खाटेचं महिन्याचं भाडं जीएलसीच्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त निघालं. इतकं स्वस्त लॉ कॉलेज इतक्या महाग जमिनीवर उभं आहे, ही गोष्ट आतापर्यंत कुणाच्याच हिशेबात आली नव्हती.

बाबांनी वही मिटली आणि फोन उचलला. "आक्का, पोरीला पाच वर्षं तुझ्याकडंच ठेवावी म्हणतोय. डोंबिवलीहून फास्ट लोकल आहे, विद्यार्थ्यांचा पासही स्वस्तात मिळतो."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग आत्यानं विचारलं, की बंगळुरूचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे, आणि त्याचे चार हजार मीच भरले तर चालेल ना.