श्री. बेन विलिस यांस, फसवल्या गेलेल्या प्रेक्षकाकडून

श्री. बेन विलिस यांस,
मु. पो. साउथपोर्ट, नॉर्थ कॅरोलिना.



'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' या चित्रपटातले खुनी आपणच, हे 1997 सालीच जगजाहीर झालं आहे. त्यामुळे रहस्य फोडल्याचा आळ माझ्यावर येऊ नये. ज्यांनी अजून तो पाहिलेला नाही, त्यांचे पावणेदोन तास वाचवल्याचं पुण्य मात्र मी घ्यायला तयार आहे.

पत्राचं कारण तुमचे खून नाहीत. खुनांबद्दल कुणाची तक्रार असायचं कारणच नाही, भाड्याने व्हीसीडी आणून आम्ही तेच बघायला बसलो होतो. तक्रार एवढीच आहे, की बेनराव, तुम्ही कोण?

सुरुवात काय झकास होती! चार जुलैची रात्र, शाळा संपलेली ज्युली, हेलन, बॅरी आणि रे ही चार पोरं, वळणाचा रस्ता, आणि गाडीखाली आलेला एक माणूस. पोलिसांना कळवायचं की नाही यावर त्यांची घासाघीस होते आणि शेवटी ती पोरं त्या माणसाला धक्क्यावरून पाण्यात लोटून देतात. जाता जाता तो हेलनचा सौंदर्यस्पर्धेतला मुकुट ओढून नेतो. बॅरी मुकुटासाठी पाण्यात उडी मारतो, तर खाली त्या माणसाचे डोळे उघडे! इथे आमच्या घरात सगळ्यांनी पाय सोफ्यावर घेतले होते. वर्षभराने ज्युलीला चिठ्ठी येते, गेल्या उन्हाळ्यात काय केलंत ते मला ठाऊक आहे. आता यापुढे प्रेक्षकाला एकच काम उरतं, चिठ्ठी कुणाची ते ओळखायचं.

आम्ही इमानेइतबारे कामाला लागलो. भावाचा संशय मॅक्सवर, कारण त्या रात्री तो रस्त्यावर भेटला होता. तुम्ही मॅक्सलाच आधी मासेमारीच्या आकड्यावर घेतलंत. मग बहीण म्हणाली, ती गावाबाहेर एकटी राहणारी मिसी. मी रेवर पैसे लावले होते, तो कोळ्याच्या होडीवर कामाला लागला होता. मामी मेथी निवडत होती, तिचा संशय सगळ्यांवर होता. आणि मग दुसरी सीडी अर्ध्यावर आल्यावर ज्युलीला जुन्या वर्तमानपत्रात एक नाव सापडतं, बेन विलिस. मुलगी सूझी मोटार अपघातात गेली, गाडी चालवणाऱ्या मुलाचा तुम्ही सूड घेतलात, आणि तो उरकून परत येताना तुम्हीच या पोरांच्या गाडीखाली आलात. पाठोपाठ तुम्ही स्वतः होडीवर प्रकट झालात.

मामीने मेथीची जुडी खाली ठेवली. "हा कोण? मघाशी होता का हा?"

नव्हता. भावाने पहिली सीडी पुन्हा घालून पाहिली. रस्त्यावर पडलेला एक रक्ताळलेला चेहरा, बाकी सगळा वेळ रेनकोट आणि टोपी. तुमच्याशी आमची ओळखच करून दिली नव्हती. ज्याला पाहिलंच नाही त्याला ओळखायचं कसं? 1929 साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले होते. त्यातला पहिलाच असा, की गुन्हेगार हा कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाच्या कानावर पडलेला असला पाहिजे. बाकीचे नऊ मोडा हवे तर, पण पहिला मोडलात की ते रहस्य राहत नाही, नुसता गनिमी कावा होतो.

आम्ही मराठी माणसं या बाबतीत जरा लाडावलेली आहोत, हेही कबूल. आचार्य अत्र्यांचा लखोबा लोखंडे 'तो मी नव्हेच' म्हणत नाटकभर वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या पोशाखांत आमच्या डोळ्यांसमोर वावरला. लखोबा साकारणाऱ्या पणशीकरांचा तो फिरता रंगमंच, ती सोंगं, आणि तोच माणूस! गुन्हेगार असावा तर असा. तुम्ही 'तो मीच' म्हणत आलात, आणि आम्हाला विचारावं लागलं, मी म्हणजे कोण?

यातली खरी चीड आणणारी गोष्ट मला फार नंतर कळली. तुमची ही जागा आधी दुसऱ्याची होती. लुईस डंकन यांची मूळ कादंबरी 1973 सालची. तिच्यात गाडीखाली येतो तो सायकलवरचा लहान मुलगा. आणि सूडाला निघतो त्याचा सावत्र भाऊ, व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला. हा पठ्ठ्या ज्युलीच्या आयुष्यात एका नावाने नवा मित्र म्हणून शिरतो आणि हेलनच्या शेजारी दुसऱ्याच नावाने राहायला येतो. दोन्ही मुली त्याच्याशी हसताहेत, बोलताहेत, वाचक दोघांनाही ओळखतोय, आणि दोघं एकच आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. लखोबाच की हा! पोरांसाठी लिहिलेल्या कादंबरीत असा अस्सल गुन्हेगार तयार बसलेला असताना केव्हिन विल्यमसन यांच्या पटकथेने त्याला घरी पाठवलं आणि त्याच्या खुर्चीवर तुम्हाला बसवलं, हातात मासेमारीचा आकडा देऊन. रहस्य काढून घेतलं आणि बदल्यात रेनकोट दिला. त्या कादंबरीत चौघांपैकी एकही मरत नाही, तरीही ती वाचताना हात गार पडतात.

आता खेकड्यांकडे वळू. हा विषय मी सहजासहजी सोडणार नाही.

ज्युली गाडीची डिकी उघडते. आत मॅक्सचं प्रेत आणि त्याच्यावर वळवळणारे जिवंत खेकडे. ती किंचाळत हेलन आणि बॅरीला बोलवायला पळते. ते येतात, डिकी पुन्हा उघडतात, तर आत काही नाही. प्रेत नाही, रक्त नाही, खेकड्याची नांगीसुद्धा नाही. कोरडी, झाडूनपुसून ठेवलेली डिकी. भर दिवसा, वस्तीतल्या रस्त्यावर! बेनराव, आमच्याकडे मालवणात पाटीतून दोन कुर्ल्या निसटल्या तर अख्खं घर झाडू घेऊन पलंगाखाली रांगतं, आणि एक तरी सापडत नाहीच. तुम्ही तेवढ्या वेळात डिकीभर खेकडे गोळा केलेत, एक प्रेत खांद्यावर टाकलंत, डाग पुसलेत, वास घालवलात, आणि कुणा शेजाऱ्याच्या नजरेस न पडता पसार झालात. तुम्ही खून करण्यात आयुष्य का फुकट घालवलंत? घरकामाला असा माणूस मिळत नाही हो. मॅक्सचा खून चित्रपटात मागाहून घातला, सुरुवातीला थोडं रक्त हवं म्हणून, असं म्हणतात. पाहताना तो मागाहून घातल्यासारखाच वाटतो.

जागेचीही तीच गत: नॉर्थ कॅरोलिनाचा किनारा सपाट आहे. चित्रपटातले ते समुद्रावर झुकलेले उंच कडे कॅलिफोर्नियातले आहेत. म्हणजे खुनीही परका आणि कडाही उसना. समीक्षक रॉजर एबर्ट यांना चित्रपटातलं सर्वांत चांगलं दृश्य पहिलंच वाटलं, आणि हे लक्षण बरं नव्हे असं त्यांनी लिहूनही टाकलं. ते दृश्य त्याच कड्यांचं.

सगळं वाईटच होतं असं म्हणून मी पाप घेणार नाही. हेलनचा पाठलाग आमच्या घरात अजूनही सगळ्यांना आठवतो. बंद दुकानाचं दार, किल्ली आणायला रमतगमत जाणारी तिची बहीण, वरच्या मजल्यावरून मारलेली उडी, आणि शेवटी ती बोळ. पलीकडे चार पावलांवर मिरवणूक, बँडचा आवाज, माणसंच माणसं, आणि ती पोर एक क्षण थांबून मागे वळते. "अगं, मागे काय बघतेस!" असं मामी टीव्हीवर ओरडली होती. सारा मिशेल गेलरने ते पळणं असं पळून दाखवलं की थोडा वेळ आम्ही तुम्हालाही खरं मानलं.

एक गोष्ट थट्टेची नाही. लुईस डंकन यांची धाकटी मुलगी 1989 साली आल्बुकर्कीत गोळी घालून मारली गेली. त्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्याच कादंबरीचं नाव लावून हा चित्रपट आला. त्या बाईंनी तो पाहिला आणि त्यांना धक्का बसला. खून ही किंकाळ्या मारून खिदळण्याची गोष्ट नव्हे, असं त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं. त्यांच्या कथेत एकही प्रेत मोजलेलं नव्हतं, मोजलेली होती ती चार मुलांच्या मनातली टोचणी. तुम्ही आलात आणि त्या टोचणीचा आकडा झाला.

तरीही धंदा जोरात झाला. पुढच्याच वर्षी तुम्ही दुसऱ्या भागात हजर. त्यात ब्राझीलची राजधानी रिओ असं चुकीचं उत्तर देऊन पोरींना बहामाची फुकट सहल मिळते, आणि राजधानी ब्रासिलिया आहे हे ध्यानात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. तुमच्या चिरंजीवांचं आडनाव बेन्सन ठेवलंत, बेनचा सन! एवढी मोठी पाटी लावलीत तरी कुणाला वाचता आली नाही, यात तुमचा दोष नाही, त्या पोरांच्या भूगोलाच्या मास्तरांचा आहे. 2003 साली आमच्या हिंदीवाल्यांनीही 'कुछ तो है' आणि 'धुंद' असे दोन चित्रपट जानेवारी-फेब्रुवारीत पाठोपाठ आणले. दोघांवरही तुमची सावली पडलेली. नक्कल करायला आमची ना नव्हती, पण कुणीतरी कादंबरी वाचली असती तर नक्कल तरी चांगली झाली असती.

आणि आता 2025. नवा भाग आला, नवी पोरं, तोच आकडा, तोच रेनकोट. पण रेनकोटात तुम्ही नव्हतात. खुन्यांपैकी एक निघाला तो आपला रे ब्रॉन्सन, पहिल्या चित्रपटातला, होडीवर कामाला लागलेला पोर, ज्याच्यावर मी तेव्हा पैसे लावले होते. अठ्ठावीस वर्षं ओळखीचा गुन्हेगार द्या म्हणून आम्ही घसा कोरडा केला, शेवटी दिला, तर पुष्कळ प्रेक्षक भडकले. आमचा रे असं करूच शकत नाही म्हणे! मामीला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बघ, मी तेव्हाच म्हटलं होतं." तिने तेव्हा सगळ्यांवरच संशय घेतला होता, याची मी तिला आठवण करून दिली नाही.

या पत्राचं उत्तर द्यावंसं वाटलं तर कृपया पोस्टाने द्यावं. आरशावर लिपस्टिकने लिहू नये, आमच्याकडे आरसा मामी पुसते.

आपला नम्र,
एक प्रेक्षक